क्रांतिविषयक कोश आणि हैतीची नोंद

क्यूबन लेखक आलेहो कार्पेन्तिएर यांची 'एल रेइनो दे एस्ते मुन्दो' (१९४९) ही कादंबरी तौलनिक साहित्याच्या अभ्यासात येते ती मुख्यतः तिच्या प्रस्तावनेमुळे. 'अद्भुत वास्तव' ही संकल्पना कार्पेन्तिएर यांनी त्या प्रस्तावनेत मांडली. कादंबरीचा विषय असलेली हैतीची क्रांती मात्र चर्चेत सहसा मागे राहते. १७९१ साली सेंट डोमिंग या फ्रेंच वसाहतीत गुलामांनी उठाव केला, आणि १ जानेवारी १८०४ रोजी तेथे हैती हे स्वतंत्र राष्ट्र घोषित झाले. उठावाच्या वेळी या वसाहतीत सुमारे ५ लाख गुलाम होते. गुलामांनी स्वतः सत्ता हस्तगत करून राष्ट्र स्थापन केल्याचे आधुनिक इतिहासातील हे एकमेव उदाहरण होय. कादंबरीचा अभ्यासक ही पार्श्वभूमी जाणून घेण्यासाठी साहजिकच कोशाकडे वळतो. तेथे त्याच्या हाती काय लागते, हे बव्हंशी कोशकाराने आधीच घेतलेल्या निर्णयांवर अवलंबून असते. कोशाची चिकित्सा करावयाची ती या निर्णयांची.

पहिला निर्णय आरंभवर्षाचा. इमॅन्युएल नेस यांनी संपादित केलेला 'द इंटरनॅशनल एन्सायक्लोपीडिया ऑफ रेव्होल्यूशन अँड प्रोटेस्ट' हा आठ खंडांचा कोश २००९ साली प्रसिद्ध झाला. त्याचा काळ १५०० पासून सुरू होतो. जेम्स डीफ्रॉन्झो यांचा त्रिखंडात्मक कोश (२००६) १७५० पासून आरंभ करतो. जुन्या छोटेखानी इतिहासकोशांना १७८९ हे वर्ष सोयीचे वाटत आले. ही वर्षे निरुपद्रवी दिसतात, पण तशी ती नाहीत. आधुनिक जगाचा आरंभ १७८९ मध्ये मानला की क्रांतीचे उगमस्थान पॅरिस ठरते आणि इतर उठाव त्याचे पडसाद ठरतात. १५०० हा आरंभ मानला की जर्मनीतील १५२४-२५ चे शेतकरी युद्ध जसे कक्षेत येते, तसाच अटलांटिकपारच्या गुलामव्यापाराला झालेला दीर्घ प्रतिकारही येतो. कार्पेन्तिएर यांची कादंबरी सुरू होते ती माकांदालपासून. मळ्यातून पळालेल्या आणि विषप्रयोगांच्या कटाचा सूत्रधार ठरविण्यात आलेल्या या गुलामाला १७५८ साली जाळण्यात आले. म्हणजे १७८९ पासूनच्या कोशात कादंबरीच्या पहिल्या भागाचा नायक बसूच शकत नाही.

दुसरा निर्णय शीर्षकातील शब्दांचा. नेस यांनी 'रेव्होल्यूशन'ला 'प्रोटेस्ट'ची जोड दिली, त्यामुळे यशस्वी सत्तांतराची अट शिथिल झाली आणि फसलेले उठाव, संप, मोर्चे यांनाही प्रवेश मिळाला. मराठीत या दुसऱ्या शब्दाला नेमका पर्याय सापडत नाही. 'निषेध' उच्चारात संपतो, 'प्रतिकार' समोरासमोरचा वाटतो, 'आंदोलन' संघटना गृहीत धरते. विष कालवणारा माकांदाल यांपैकी कशातच पूर्णपणे मावत नाही. 'क्रांती' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. 'क्रम्' धातूपासून आलेल्या या शब्दाचे ज्योतिषशास्त्राशी जुने नाते असून 'क्रांतिवृत्त' आणि 'संक्रांत' यांत ते आजही दिसते. योगायोग असा, की युरोपीय शब्दाचा प्रवासही आकाशातूनच झाला. कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथाच्या नावात तो खगोलांच्या परिभ्रमणासाठी येतो. जर्मन इतिहासकार राइनहार्ट कोसेलेक यांनी दाखविले आहे की, पूर्वस्थितीकडे परतणे हा त्या शब्दाचा जुना अर्थ मागे पडून, कधी नव्हते अशा भविष्याकडे जाणे हा अर्थ फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात रूढ झाला. मराठीत तर 'राज्यक्रांती' हा समासच बराच काळ 'फ्रेंच' या विशेषणासह कानावर पडत आला आहे.

तिसरा निर्णय नोंदशीर्षकाचा, आणि खरी मेख येथे आहे. फ्रान्स्वा फ्यूरे आणि मोना ओझूफ यांचा फ्रेंच राज्यक्रांतीचा चिकित्सक कोश १९८८ साली, द्विशताब्दीच्या तोंडावर आला. त्याने अकारविल्हे मांडणी सरसकट न स्वीकारता घटना, व्यक्ती, संस्था, कल्पना आणि इतिहासकार असे पाच विभाग केले. विवेचनाच्या दृष्टीने तो अतिशय समर्थ ग्रंथ आहे. तथापि, वसाहती, गुलामगिरी किंवा सेंट डोमिंग यांना त्यात स्वतंत्र नोंद नाही. फ्रेंच कन्व्हेन्शनने ४ फेब्रुवारी १७९४ रोजी वसाहतींमधील गुलामगिरी रद्द केली, आणि तीही वसाहतीतील उठावाने परिस्थिती आधीच पालटून टाकल्यावर, हे ध्यानात घेतले म्हणजे या उणिवेचे वजन कळते. हैतीचे इतिहासकार मिशेल-रोल्फ त्रूयो यांनी 'सायलेन्सिंग द पास्ट' (१९९५) या ग्रंथात अशा मौनांचा माग काढला आहे. १७८९ ते १९४५ हा काळ व्यापणाऱ्या पेंग्विनच्या इतिहासकोशात सेंट डोमिंग वा हैती यांपैकी एकही नोंद नाही, हे त्यांनीच निदर्शनास आणले.

मग नोंद घातली की काम भागले काय? जॅक गोल्डस्टोन यांनी १९९८ साली संपादित केलेला राजकीय क्रांत्यांचा कोश, डीफ्रॉन्झो आणि नेस या तिघांनीही हैतीला जागा दिली आहे, आणि ही प्रगती निःसंशय मोठी आहे. परंतु त्रूयो मौनाचे दोन प्रकार सांगतात: घटना पुसून टाकणे, आणि तिचे सुटेसुटे तुकडे करून तिला क्षुल्लक बनविणे. पहिला दोष त्यांना सर्वसाधारण पाठ्यग्रंथांत दिसला, तर दुसरा तज्ज्ञांच्या लेखनात. कोश हा वाङ्मयप्रकार स्वभावतःच तुकडे करणारा असल्याने दुसऱ्या दोषाचा धोका त्याला अधिक. तूसॅं लूव्हेर्त्यूर एका अक्षराखाली, नेपोलियनने धाडलेला सेनापती लक्लेर दुसऱ्या, त्याचा आणि त्याच्या सैन्याचा घास घेणारा पीतज्वर तिसऱ्या. प्रत्येक नोंद बिनचूक असूनही वाचकाच्या मनात हैतीचा विजय हा डासांचा विजय म्हणून राहू शकतो.

शीर्षकातील एखादे विशेषणही असाच परिणाम घडविते. 'हैतीचे स्वातंत्र्ययुद्ध' असे शीर्षक दिले की १७९१ च्या उठावाचे ध्येय आरंभापासून राष्ट्रीय स्वातंत्र्य होते, असा समज होतो. वास्तविक तूसॅं यांच्या १८०१ च्या राज्यघटनेने सेंट डोमिंग फ्रेंच साम्राज्याचाच भाग मानले होते; निरपवादपणे रद्द झाली ती गुलामगिरी. १८०२ मध्ये नेपोलियनच्या राजवटीने वसाहतींतील गुलामगिरीला पुन्हा कायद्याचा आधार दिला, तेव्हा स्वातंत्र्यावाचून मुक्ती टिकत नाही हे स्पष्ट झाले. उलट, ही घटना 'फ्रेंच राज्यक्रांती'खाली घातली तर १७९९ ला पडदा पडतो आणि हा सारा उत्तरार्ध हातचा जातो.

नोंदशीर्षकाचा हा प्रश्न मराठी वाचकाला अपरिचित नसावा. विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा १८५७ साठी 'बंड' हा शब्द रूढ होता. दोनच वर्षांनी सावरकरांच्या ग्रंथाच्या शीर्षकात त्याच घटनेला 'स्वातंत्र्यसमर' म्हटले गेले. कोशकाराला या दोहोंपैकी एक निवडावे लागते आणि दुसऱ्यापुढे 'पाहा' एवढेच लिहावे लागते. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या पहिल्या प्रस्तावनाखंडाला 'हिंदुस्थान आणि जग' हे नाव दिले, त्यात कोशाला कोठे तरी उभे राहूनच जगाकडे पाहावे लागते याची जाण दिसते. जागतिक म्हणविणारे पुष्कळ कोश आपली उभे राहण्याची जागा इतक्या उघडपणे सांगत नाहीत.

वेगळ्या वाटेने गेलेला एक प्रकल्प येथे आवर्जून सांगावयास हवा. शिक्षकी पेशातून आलेले जाँ मेत्रों यांनी फ्रेंच कामगार चळवळीचा चरित्रकोश १९६४ पासून प्रसिद्ध करावयास घेतला. १९८७ मध्ये त्यांच्या निधनानंतरही काम चालू राहिले आणि मालिकेचे चाळीसहून अधिक खंड झाले. पुढाऱ्यांच्या जोडीला छापखान्यातील जुळारी, खाणकामगार, पोलिसांच्या दप्तरातच ज्यांचे नाव उरले आहे असे कार्यकर्ते यांनाही त्यांनी नोंद दिली; काही नोंदी जेमतेम दोन-चार ओळींच्या आहेत. अर्थात ही पद्धत कागदपत्रांवर विसंबून आहे. पोलिसी दप्तरात माणसाचे नाव, धंदा, पत्ता असतो. सेंट डोमिंगच्या मळ्याच्या मालमत्तापत्रकात गुलामाचे मालकाने ठेवलेले नाव, अदमासे वय आणि किंमत. तेवढ्यावर चरित्रनोंद उभी राहणे कठीण.

कार्पेन्तिएर यांची कादंबरी नेमकी अशाच माणसाच्या, ती नोएल या गुलामाच्या, नजरेने उलगडते. तूसॅं यांना तिच्यात जवळपास स्थानच नाही. कोशांत सर्वाधिक जागा मात्र त्यांचीच. माकांदाल जळून मेला असे गोऱ्यांनी पाहिले आणि तो उडून निसटला असे गुलामांनी, ही दुहेरी साक्ष कादंबरी शेजारीशेजारी ठेवते. कोश त्यांपैकी पहिली तथ्य म्हणून घेतो आणि दुसरी, घेतलीच तर, लोकसमजूत म्हणून. ग्रंथालयात हे खंड हाताळणाऱ्या विद्यार्थ्याने आधी प्रस्तावना, मग सूची, मग परस्परसंदर्भ आणि शेवटी नोंद असा क्रम ठेवला, तर कोणती साक्ष कोठे गळाली हे त्याला पुष्कळ अंशी शोधता येते. हैतीच्या नोंदीपुढे सामान्यतः १७९१-१८०४ ही वर्षे असतात. कादंबरी त्यापुढेही चालते: मुक्त झालेला ती नोएल राजा हेन्री क्रिस्तोफच्या गढीसाठी डोंगरावर विटा वाहतो, आणि १८२० मध्ये क्रिस्तोफच्या आत्महत्येनंतर नव्या सत्ताधाऱ्यांचे मोजणीदार जमीन मोजावयास येतात.