पंपाची तार आणि बटणाची तार

राळेगाव तालुका कापसाचा, विहिरींचा, मोटरपंपांचा. पाच अश्वशक्तीचा थ्री-फेज पंप दर फेजला साधारण साडेसात अँपिअर ओढतो. त्यामुळे तार घ्यायची ती जाडच, ही समज आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पक्की. घरी हौसेने आर्केडची, म्हणजे पार्लरातल्या व्हिडिओ गेमची, पेटी बांधणाऱ्यांचा आजवरचा प्रवास पाहिला, तर तो ही समज हळूहळू बाजूला ठेवण्याचा आहे.

1980च्या दशकाच्या मध्यावर जपानी उत्पादकांनी जामा ही 56 पिनांची जोडणी रूढ केली. विजेचा पुरवठा आणि बटणांचे संकेत दोन्ही एकाच पट्टीतून जात. पुरवठ्याला जाड तार, बटणांना बारीक, हा भेद तिथेच दिसतो. आपल्या पार्लरांत 'मुस्तफा' नावाने गाजलेला 1993चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' याच जोडणीवर चालायचा.

1997मध्ये माम हे सॉफ्टवेअर आलं आणि जुने गेम घरच्या संगणकावर चालू लागले. हौशी लोक कीबोर्ड उघडून त्याच्या सर्किटला बटणांच्या तारा सोल्डर करायचे. टेलिफोनची किंवा लॅनची सिंगल तार सहज मिळायची, म्हणून तीच वापरात आली. पण सोलताना तिच्यावर बारीक ओरखडा पडला की वारंवार वाकून ती नेमकी तिथेच तुटते. स्वस्त लॅन केबलीत तर कित्येकदा तांब्याचा फक्त मुलामा असतो. ब्लेडने खरवडलं की आतलं पांढरं अ‍ॅल्युमिनियम दिसतं.

2012मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आला आणि बटणांच्या तारा थेट त्याच्या पिनांना जोडता येऊ लागल्या. त्याच्या पिनवर 3.3 व्होल्ट आणि आत सुमारे 50 हजार ओहमचा रोध. म्हणजे बटण दाबल्यावर वाहतात जेमतेम 66 मायक्रोअँपिअर, पंपाच्या प्रवाहाच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी. एवढ्यासाठी घरफिटिंगची 1.5 चौरस मिलिमीटरची तार घालणं चुकीचंच. ती वळत नाही, उलट बटणातल्या मायक्रोस्विचचं पातं ओढून धरते.

मात्र अगदी बारीक तारही नको. तारेच्या टोकाला बसवायच्या 4.8 मिलिमीटरच्या थिंबलमध्ये ती नीट दाबली जात नाही आणि हिसक्यासरशी निसटते. त्यामुळे 14/36ची लवचीक मल्टिस्ट्रँड तार मला सर्वांत योग्य वाटते. 36 गेजच्या चौदा बारीक तारा, मिळून सुमारे 0.4 चौरस मिलिमीटर तांबं. ग्राउंडची तार एका बटणावरून दुसऱ्यावर नेत शेवटी पुन्हा बोर्डाला आणून जोडावी. मग मधला एखादा जोड सुटला तरी पुढची बटणं बंद पडत नाहीत.

मुलं जॉयस्टिक जिवाच्या आकांताने ओढतात. या तारेला विजेपेक्षा त्या हातांचा जोर सोसायचा असतो. म्हणून तालुक्याच्या गावी पेटी बांधणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, जाड तारेवर पैसे घालण्याऐवजी चांगली थिंबलं आणि ती दाबायची नीट पक्कड घ्या.