एक डॉक्टर, दोन शाखा: गरज कोणाची?

नीट-पीजीचा निकाल लागला की आमच्या विभागात मुलांची ये-जा वाढते. नुकतीच इंटर्नशिप संपलेली असते, सोबत कधी आई-वडीलही असतात. 'सर, कोणती ब्रँच घेऊ?' हा प्रश्न ठरलेला. अलीकडे त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. 'अमेरिकेत दोन विषयांची रेसिडेन्सी एकत्र करता येते. आपल्याकडे तसं का नाही? आणि असतं, तर करावं का?' प्रश्न विचारतात विद्यार्थी, पण त्याच्या उत्तराशी रुग्णांचा संबंध अधिक आहे. म्हणून आज तो या सदरात घेतो आहे.

आपल्याकडची वाट वाचकांना साधारण माहीत असते. एमबीबीएसची साडेचार वर्षे, एक वर्ष इंटर्नशिप, मग एमडी किंवा एमएसची तीन वर्षे. या तीन वर्षांत डॉक्टर रेसिडेंट म्हणून वॉर्डातच राहतो असे म्हटले तरी चालेल. राउंड, ओपीडी, रात्रीचे कॉल, थिसिस आणि शेवटी परीक्षा. पुढे सुपरस्पेशालिटी करायची तर डीएम किंवा एमसीएचची आणखी तीन वर्षे. ही वाट सरळ आहे, पण ती वर जाताना निमुळती होत जाते. प्रत्येक पायरीवर डॉक्टर अधिक खोलात जातो आणि त्याच वेळी शेजारच्या विषयापासून थोडा लांब जातो.

चार वर्षांत दोन विषय

अमेरिकेत १९६७ पासून एक वेगळी सोय आहे. तिथे मेडिसिनची रेसिडेन्सी तीन वर्षांची आणि बालरोगाचीही तीन वर्षांची. दोन्ही एकामागून एक केल्या तर सहा वर्षे लागतील. एकत्रित अभ्यासक्रमात हे चार वर्षांत होते. दोन वर्षे मोठ्यांच्या वॉर्डात, दोन वर्षे लहान मुलांच्या, आणि तीही सलग नाहीत. काही महिने इकडे, काही महिने तिकडे अशी आलटून-पालटून. दोन्ही विषयांत सामाईक असलेला भाग एकदाच शिकायचा, म्हणून दोन वर्षे वाचतात. परीक्षेत मात्र सूट नाही. दोन्ही मंडळांच्या परीक्षा पूर्ण द्याव्या लागतात. पुढे दोन्ही प्रमाणपत्रे जिवंत ठेवायची तर दोन्ही विषयांचे ज्ञान आयुष्यभर ताजे ठेवावे लागते.

याशिवाय मेडिसिन आणि मनोविकार, इमर्जन्सी मेडिसिन आणि मेडिसिन, बालरोग आणि भूलशास्त्र अशा पाच वर्षांच्या जोड्याही तिथे आहेत. बालरोग, मनोविकार आणि बालमनोविकार असे तीन विषय पाच वर्षांत शिकवणारा अभ्यासक्रमही आहे. काही जोड्या मात्र काळाच्या ओघात टिकल्या नाहीत. मेडिसिन-बालरोग ही जोडी टिकली, कारण तिच्यामागे एक खरी अडचण उभी होती. ती अडचण आपल्याकडेही आहे.

बारा वर्षे पूर्ण झाली, आता पुढे?

आपल्या अनेक सरकारी रुग्णालयांत साधारण बारा वर्षांपर्यंतचे मूल बालरोग विभागात जाते. त्यानंतर त्याचा केसपेपर मेडिसिनच्या ओपीडीत निघतो. तापासाठी आलेल्या मुलाला याने काही फरक पडत नाही. पण ज्याचा आजार जन्मापासून किंवा लहानपणापासून सोबत आहे, त्याचे काय?

विदर्भातील आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतील सिकलसेलचे रुग्ण घ्या. एके काळी या आजाराची अनेक मुले मोठी होण्याआधीच दगावत. आज लसी, वेळेवर दिलेली अँटिबायोटिक्स, हायड्रॉक्सीयुरिया आणि रक्त संक्रमणामुळे ती तिशी-चाळिशी गाठतात. हे वैद्यकाचे यशच. पण बारा वर्षे त्या मुलीला ओळखणारे बालरोगतज्ज्ञ एका दिवशी मागे राहतात आणि नव्या ओपीडीत तिची सुरुवात पहिल्या पानापासून होते. बालरोगतज्ज्ञाला तिच्या आजाराची खडान्‌खडा माहिती असते, पण लग्नानंतर गर्भधारणेच्या आधी हायड्रॉक्सीयुरियाबद्दल काय ठरवायचे हा प्रश्न त्याच्या रोजच्या कामातला नाही. फिजिशियनला मोठ्यांचे मूत्रपिंड, रक्तदाब, गर्भारपणातले धोके कळतात, पण लहानपणी झालेल्या गुंतागुंतीचा इतिहास त्याच्यासमोर नसतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तपासणीत सापडलेली आजची मुले दहा वर्षांनी मोठ्यांच्या ओपीडीत येणार आहेत. त्यांना तिथे कोण भेटणार, याचा विचार आताच करायला हवा.

दुसरे उदाहरण संधिवाताच्या तापाचे. घसा दुखून झालेल्या जंतुसंसर्गानंतर काही मुलांच्या हृदयाच्या झडपांवर परिणाम होतो. आजार पुन्हा उलटू नये म्हणून त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते, तेही अनेक वर्षे. ओपीडी बदलली, शाळा सुटली, मुलगा कामाला लागला आणि इंजेक्शन थांबले, की झडप आणखी बिघडण्याचा धोका वाढतो. पेनिसिलिन स्वस्त आहे. मधला सांधा निखळला म्हणून ते थांबते.

कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांचेही तसेच. काही औषधांचा हृदयावर होणारा परिणाम अनेक वर्षांनी दिसतो. छातीवर किरणोपचार घेतलेल्या मुलींना पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने हे ओळखून १९९१ मध्येच उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र क्लिनिक सुरू केले. असे क्लिनिक प्रत्येक जिल्ह्यात होणे अवघड आहे. पण दोन्ही वयांचे वैद्यक जाणणारा एक डॉक्टर प्रत्येक मोठ्या रुग्णालयात असणे अशक्य नाही.

मनाचा वॉर्ड, शरीराचा वॉर्ड

दुसरी भिंत आहे मन आणि शरीर यांच्यामधली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, गंभीर मानसिक आजार असलेल्या व्यक्ती इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी मरण पावतात. यातले बहुतेक मृत्यू आत्महत्येने होत असतील असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मोठा वाटा हृदयविकार, मधुमेह, फुफ्फुसांचे आजार अशा शारीरिक कारणांचा असतो. स्किझोफ्रेनियावरच्या ओलान्झापिन, क्लोझापिनसारख्या औषधांनी वजन आणि साखर वाढू शकते. औषध थांबवले तर मन बिघडते, चालू ठेवले तर साखर. दोन्हींचा तोल एकाच नजरेने पाहायला हवा.

प्रत्यक्षात असा रुग्ण मेडिसिनच्या ओपीडीत छातीत दुखते म्हणून आला, की त्याच्या फायलीवरचे मनोविकाराचे निदान आधी वाचले जाते आणि तक्रारीचे वजन कमी होते. उलट, मधुमेहाच्या रुग्णाचे नैराश्य 'साखर वाढली म्हणून थकवा' या सदरात जमा होते. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील आपल्या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहणारे रुग्ण आहेत. त्यांनाही रक्तदाब, क्षय, कर्करोग होतो. दोन्ही विषयांत तयार झालेला डॉक्टर तिथे असेल, तर तो नुसती चिठ्ठी देऊन रुग्णाला दुसरीकडे पाठवणार नाही.

दुसरी बाजू

हे वाचून वाटेल की दोन विषय शिकलेले केव्हाही चांगलेच. तसे नाही.

पहिला आक्षेप खोलीचा. तीन वर्षांचा विषय दोन वर्षांत बसवला, तर काहीतरी सुटणारच. अमेरिकेतले शिक्षक यावर म्हणतात, की सामाईक भाग वगळला तर सुटते ते थोडेच, आणि दोन्ही परीक्षा उत्तीर्ण व्हाव्याच लागतात. हे मान्य केले तरी दर काही महिन्यांनी वॉर्ड बदलणाऱ्या रेसिडेंटला दोन्हीकडे 'पाहुणा' ठरण्याचा धोका असतो.

दुसरा आक्षेप टिकवण्याचा. वैद्यकात वापरली नाही ती विद्या गंजते. नवजात बाळाची नस शोधणारा हात वर्षभर त्या कामापासून लांब राहिला, तर त्याची सफाई जाते. तिकडेही बहुतेक जण दोन्ही वयांचे रुग्ण पाहत राहतात, पण काहींचे एक अंग नोकरीच्या गरजेनुसार हळूहळू मागे पडते. मग ती जास्तीची वर्षे कशासाठी, हा प्रश्न उरतोच.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा आहे आणि तो सर्वांत कठीण आहे. आपल्या सरकारी व्यवस्थेत पद विषयानुसार असते. फिजिशियनचे पद वेगळे, बालरोगतज्ज्ञाचे वेगळे. दोन्ही येणाऱ्यासाठी पदच नाही. आज आपल्याकडे दोन विषय करायचे म्हणजे तीन अधिक तीन अशी पूर्ण सहा वर्षे, शिवाय बॉन्डची सेवा. तोवर डॉक्टरची तिशी उलटलेली असते. घर, लग्न, कर्ज हे सगळे त्याच काळात येते, आणि मुली डॉक्टरांना त्याची झळ अधिक बसते.

'एकात दोन' हा स्वस्त उपाय नव्हे

अशा डॉक्टरांची कल्पना प्रशासनाला मोहात पाडू शकते. २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, गरजेच्या तुलनेत जवळपास ८० टक्के तज्ज्ञ कमी होते. मग एकाच डॉक्टरला दोन विषय शिकवले तर अर्ध्या माणसांत काम भागेल, असा हिशेब कोणी मांडला तर नवल नाही.

हा हिशेब कागदावरच बरोबर येतो. रात्री दोन वाजता सिझेरियन करायचे आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ ऑपरेशन करणार, भूलतज्ज्ञ आईचा श्वास आणि रक्तदाब सांभाळणार, आणि बाळ रडले नाही तर बालरोगतज्ज्ञ त्याला श्वास देणार. तिन्ही कामे त्याच पाच मिनिटांत आहेत. एका डॉक्टरकडे कितीही पदव्या असल्या तरी हात दोनच असतात. म्हणून तुटवड्यावर उपाय म्हणून सरकारने वेगळी वाट काढली, ती योग्य होती. एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल देण्याचे १८ आठवड्यांचे आणि तातडीच्या प्रसूतीसेवेचे १६ आठवड्यांचे प्रशिक्षण दिले गेले. त्यातून तज्ज्ञ तयार होत नाही, पण नेमके एक काम करणारा हात तयार होतो. अर्थात शिकलेल्या डॉक्टरची बदली भूल देण्याची सोयच नसलेल्या केंद्रात झाली, तर तेही वाया जाते.

मग करावे कोणी?

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एकच कसोटी सांगतो. दोन्ही विषयांची गरज एकाच रुग्णाला आहे का? सिकलसेलच्या मुलीला आहे, मधुमेह आणि स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णाला आहे. तिथे दोन विषय शिकण्यात अर्थ आहे. गरज फक्त नावापुढच्या अक्षरांना असेल, किंवा पहिल्या विषयाचा कंटाळा आला म्हणून दुसरा घ्यावासा वाटत असेल, तर करू नये. ज्याला सर्व वयांचे, सर्व प्रकारचे रुग्ण आवडतात, त्याने फॅमिली मेडिसिनचा विचार करावा. तो स्वतंत्र विषय आहे, दोन तज्ज्ञांची बेरीज नाही.

आपल्याकडे काही दारे आधीच उघडी आहेत. रक्तविकारांच्या डीएमला मेडिसिनचा एमडी जाऊ शकतो तसा बालरोगाचाही, आणि पुढे तो लहान-मोठे दोन्ही रुग्ण पाहतो. अतिदक्षतेच्या डीएमलाही अनेक विषयांचे डॉक्टर येतात. ब्रिटनमध्ये तर हृदयरोग किंवा श्वसनरोग घेणाऱ्यालाही सोबत जनरल मेडिसिनचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, कारण वॉर्डातला वयस्क रुग्ण एकच आजार घेऊन येत नाही.

आपल्या राज्यात हे सुरू करायचे तर क्रम महत्त्वाचा. आधी पद निर्माण करावे, मग जागा. सिकलसेलचे रुग्ण जास्त असलेल्या भागातल्या एका-दोन मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत मेडिसिन-बालरोग, आणि मनोरुग्णालय जवळ असलेल्या ठिकाणी मेडिसिन-मनोविकार, एवढ्या दोनच जोड्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाने करून पाहाव्यात. तोवर पैसे न लागणारी गोष्ट आजही करता येईल. महिन्यातून एक दिवस दोन्ही विभागांनी एकाच खोलीत ओपीडी घ्यावी.

वाचकांनीही एक करावे. घरातल्या मुलाला दीर्घ आजार असेल, तर ओपीडी बदलण्याच्या वर्षभर आधी बालरोगतज्ज्ञांकडून सविस्तर सारांश लिहून घ्या. त्यात निदान, आजवरच्या गुंतागुंती, चालू औषधे, कोणते औषध चालत नाही आणि पुढची तपासणी केव्हा, हे सगळे यावे. मनोविकाराची औषधे चालू असतील, तर सुरुवातीलाच वजन, रक्तदाब आणि साखर मोजून घ्या, ती पुन्हा केव्हा तपासायची हे विचारा, आणि ती यादी दोन्ही डॉक्टरांना दाखवा. दोन विषय जाणणारा डॉक्टर मिळेपर्यंत दोन डॉक्टरांना जोडणारा कागद तरी रुग्णाच्या हातात असायला हवा.