आगाऊ वर्गणीपासून पीडीएफपर्यंत

वाचकाकडून पैसे आधी घ्यायचे आणि पुस्तक मागाहून द्यायचे, हा व्यवहार मराठीत सर्वांत मोठ्या प्रमाणावर केला तो डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी. कॉर्नेलची डॉक्टरेट घेऊन परतलेल्या या गृहस्थाने महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी चक्क मर्यादित कंपनी काढली, वर्गणीदार गोळा केले, त्यासाठी माणसे हिंडवली, आणि 1920 च्या दशकात 23 खंड पुरे केले. एवढ्यावर न थांबता ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात त्या सगळ्या खटाटोपाची हकिकतही लिहून ठेवली. मला हे छोटे पुस्तक खंडांइतकेच मोलाचे वाटते. लोकांचा पैसा घेतला की कामाचा पाढाही वाचायचा असतो, ही समज त्यात आहे. 1937 मध्ये केतकर गेले तेव्हा घरची ओढगस्त मात्र संपलेली नव्हती. वर्गणीदारांच्या कपाटात खंड होते, म्हणजे त्यांचा सौदा पुरा झाला होता.

आगाऊ पैसे घेतलेच नसतील तर लेखक काय देणे लागतो? ‘कोसला’ 1963 ची, ‘हिंदू’ आली 2010 मध्ये. मधल्या काळात भालचंद्र नेमाड्यांच्या नावाने बोटे मोडणारे वाचक मी पाहिले आहेत, जणू यांनी पावती फाडली होती. वाट पाहणे हे प्रेम झाले, येणे नव्हे.

पावती फाडणारे वाचक सत्तरच्या दशकात पुन्हा दिसले ते ‘ग्रंथाली’मुळे. सभासद व्हा, पुस्तके सवलतीत घ्या, असा तो मामला. दया पवारांचे ‘बलुतं’ (1978) आणि लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ (1980) या वाचक चळवळीतून आले. नव्या लेखकाच्या पाठीशी आधीच जमलेला वाचक उभा असणे ही केवढी चैन!

एरवी पैशाचे नाव काढले की आपल्याकडे लेखक अवघडतो. शब्दच बघा ना : मजुरी नव्हे, मानधन. या अवघडण्याला अपवाद सुनीताबाई देशपांडे. पुलंच्या लेखनाचे प्रयोग करायचे तर परवानगी हवीच, यावर त्या अडून बसत. लोक त्यांना कठोर म्हणत. त्याच घरातून मुक्तांगणसारख्या कामाला देणगी गेली. पण समजा, सगळा पैसा त्यांनी घरातच ठेवला असता, तरी परवानगी लागलीच असती.

आता माझे. पहिला करार मी चहा पिता पिता केला, दोन ओळींचा. मुदतीचा उल्लेख नव्हता, तो मला खटकलाही नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 19 सांगते की मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असे धरायचे. हे मला अकराव्या वर्षी कळले. तोवर दोन पुनर्मुद्रणे झाली होती, आणि तीही एका वाचकाने सांगितली म्हणून समजली. प्रकाशकाने हिशेब पाठवला नाही हे खरे. मी एकदाही मागितला नाही हेही तितकेच खरे. दोनशे रुपयांचे पुस्तक, दहा टक्के रॉयल्टी, हजार प्रती : सगळ्या खपल्या तर वीस हजार, तेही काही वर्षांत मिळून. एवढ्यासाठी पत्र काय लिहायचे, असे वाटायचे. सुनीताबाईंनी मला उभे केले नसते.

ग्रंथालयांबद्दल माझी तक्रार नाही. 1967 च्या कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागले, आणि कित्येक आवृत्त्या त्यांच्याच खरेदीवर तगल्या. प्रत मात्र एकदा विकली जाते आणि वीस वर्षे घरोघर फिरते. ब्रिटनने 1979 मध्ये कायदा करून अशा फिरतीबद्दल लेखकाला सरकारी तिजोरीतून पैसे द्यायचे ठरवले. आपल्याकडे लेखकाला मिळते ते मुखपृष्ठ खिळखिळे झाल्याचे समाधान. ते मी मनापासून घेतो.

गेल्या दिवाळीत एका अनोळखी वाचकाचा निरोप आला. पुस्तक एका बैठकीत संपवले, डोळे पाणावले, वगैरे. शेवटी : ‘पीडीएफ आमच्या तिन्ही ग्रुपवर टाकली आहे. तुम्हाला हवी असेल तर पाठवतो.’

मी आभार मानले. खाली पुस्तकाची किंमत आणि प्रकाशकाचा नंबर टाइप केला. थोडा वेळ बघत बसलो, मग तेवढे पुसून बाकीचे पाठवले.