कुंडातले बुडबुडे येतात कुठून?

छावणीतील माझ्या दवाखान्यात गुडघेदुखीचे रुग्ण हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, वज्रेश्वरीच्या नाहीतर उनपदेवच्या कुंडात बसलो तर आराम पडेल का? त्या पाण्यातून औषधी वायू निघतो म्हणे!"

अशा झऱ्यांतून वायू निघतो, हे खरे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना हवेतील नायट्रोजन, आरगॉन व निऑन सोबत नेते. खोलवर तापून ते भेगांतून वर येते. वाटेत खडकांतील युरेनियम व थोरियम यांच्या विघटनातून तयार होणारे हेलियम आणि रेडॉन त्यात मिसळतात. नायट्रोजन सोडून हे सारे निष्क्रिय वायू. ते सहसा कशाशी संयोग पावत नाहीत, म्हणूनच पाण्याचा प्रवास त्यांच्यावरून ओळखता येतो. हवेत हेलियम-४ च्या सुमारे ७ लाख अणूंमागे हेलियम-३ चा एक अणू असतो. भूकवचातल्या हेलियममध्ये हे प्रमाण फारच कमी, तर त्याखालच्या प्रावरणातून आलेल्या वायूत हवेच्या सुमारे आठपट असते. कोकणातील उन्हाळ्यांच्या बुडबुड्यांत मुख्यतः नायट्रोजन असून हेलियमही आढळला आहे.

आता प्रकृतीचे बघू. हेलियम व आरगॉन गुडघ्याला ना तारतात, ना मारतात. रेडॉन मात्र किरणोत्सर्गी आहे. ३.८ दिवसांत तो निम्मा होतो. उघड्या कुंडावर तो वाऱ्याबरोबर निघून जातो, त्यामुळे एखाद्या स्नानाने घाबरून जाऊ नये. पण बंद खोलीत साठून तो वर्षानुवर्षे श्वासात गेला, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तो कितीतरी जास्त. म्हणून बंदिस्त स्नानगृहात हवा खेळती हवीच.

मग आराम पडतो कशाने? गरम पाण्याने. उष्णतेने आखडलेले स्नायू सैल होतात, दुखणे काही काळ कमी होते. घरच्या गरम पाण्याच्या शेकानेही तेच साधते.

कुंडावर जाणारच असाल तर एवढे पाळा :

१. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर पाण्यात पाय घालू नका. चटका बसलेला कळत नाही.
२. हृदयविकार, रक्तदाब असणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे.
३. दहा-पंधरा मिनिटांहून अधिक बसू नका. चक्कर आल्यास लगेच बाहेर या.
४. कुंडाचे पाणी तीर्थ म्हणूनही पिऊ नका.
५. चालू गोळ्या बंद करू नका.