गोंदणयंत्राची जुळणी

गोंदणयंत्रांच्या दोन जाती आहेत आणि डोळे मिटूनही त्या ओळखता येतात. पहिली विजेच्या घंटेप्रमाणे तडतडते, कारण तिची रचनाच घंटेची आहे : तारेची दोन वेटोळी, लोखंडी पट्टी आणि स्प्रिंग. दुसरी भुंग्यासारखी सलग गुणगुणते. तिच्यात एक लहान मोटर असते, मोटरीच्या दांड्यावर चकती असते आणि चकतीच्या मध्यापासून किंचित बाजूला एक खुंटी बसविलेली असते. दांडा फिरला की खुंटी त्याच्याभोवती फिरते आणि तिला अडकविलेली सुई वरखाली होते. ज्यांनी घरचे शिलाईयंत्र उघडून पाहिले आहे त्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही. आज बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या, फिरत्या यंत्राविषयी.

या यंत्राचे मूळ गोंदण्यात नसून लेखनात आहे. एडिसनने १८७६ साली विजेच्या लेखणीचे पेटंट घेतले. ती कागदाला बारीक छिद्रे पाडी. त्या छिद्रांतून शाई दाबून एका मजकुराच्या अनेक प्रती निघत. सायक्लोस्टाईलवर प्रश्नपत्रिका काढणारे आम्ही शिक्षक म्हणजे त्या लेखणीचे दूरचे वारसदारच म्हणावयाचे! पुढे १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने तिच्यात फेरबदल करून गोंदणयंत्राचे पेटंट मिळविले. कागदाच्या जागी कातडी आली, आणि प्रश्न नाजूक झाला.

किती नाजूक, ते आकड्यांनी सांगतो. आपल्या बाह्यत्वचेची जाडी बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपास असते, आणि ती सतत झडून महिनाभरात नवी होते. तेवढ्यातच राहिलेला रंग तिच्याबरोबर निघून जातो. तिच्याखालच्या अंतस्त्वचेत शरीराच्या रक्षक पेशी रंगाचे कण गिळून धरून ठेवतात. गोंदण टिकते ते तेथे. त्याहूनही खाली चरबी आहे. तेथे गेलेला रंग पसरतो, आणि रेघेभोवती निळसर धूसर छाया कायमची राहते. म्हणजे सुईने एक ते दोन मिलिमीटरच्या पट्ट्यातच काम केले पाहिजे. 'फिरत्या यंत्रात स्प्रिंग नाही, तेव्हा त्यात जुळविण्यासारखे काही नाही' असे म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे.

पहिली गोष्ट सुईच्या धावेची. खुंटी मध्यापासून जितकी दूर, त्याच्या दुप्पट सुईची धाव. पावणेदोन मिलिमीटर अंतर असेल तर धाव साडेतीन मिलिमीटर. छायेच्या मऊ कामास आखूड धाव बरी. ठसठशीत रेघेस किंवा अनेक सुयांच्या जुडग्यास चार मिलिमीटरची लांब धाव सोयीची. धाव बदलावयाची तर बहुधा चकतीच बदलावी लागते.

परंतु धाव म्हणजे खोली नव्हे, आणि बहुतेकांची गफलत येथेच होते. खोली ठरते ती सुई नळीबाहेर किती येते यावर आणि हातावर. वीज तोडून चकती बोटाने फिरवावी. खुंटी अगदी खाली आली असता सुईचे टोक नळीच्या तोंडाबाहेर सुमारे दोन मिलिमीटर दिसावे, आणि खुंटी वर गेली की ते नळीत परतावे. तसे नसेल तर पकडीचा स्क्रू सैल करून नळी पुढेमागे सरकवावी. सुई आत परतते तेव्हाच ती रंग घेऊन येते. कायम बाहेर राहणारी सुई कोरडी चालते आणि कातडी उगाच उकरते.

सुईच्या दांडीवर रबराचा फेर असतो. त्याचे काम एवढेच की दांडी नळीच्या मागच्या भिंतीला टेकून राहावी. फेर सैल असेल तर टोक आडवे हलते आणि एका रेघेच्या दोन होतात. फार घट्ट असेल तर दांडी वाकते, नळी एका बाजूने झिजते आणि मोटर तापते. बंद डबीत मिळणाऱ्या सुयांना हा फेर लागत नाही. तेथे यंत्र सुईला नुसते पुढे ढकलते, मागे आणण्याचे काम डबीतील रबरी पडदा करतो. पडदा ढिला पडला तर जलद गतीत सुई पुरती परत येत नाही. अशा वेळी यंत्राला दोष न देता डबी बदलावी.

आता गती. मोटरीचे मिनिटाला सहा हजार फेरे होत असतील तर सुई सेकंदाला शंभर वेळा टोचते. त्या अवधीत हात दोन सेंटिमीटर सरकला, तर दोन टोचण्यांत मिलिमीटरच्या पाचव्या भागाचे अंतर पडते आणि रेघ सलग दिसते. तोच हात पाच सेंटिमीटर धावला तर अंतर अर्धा मिलिमीटर होते, आणि रेघेऐवजी ठिपक्यांची रांग उमटते. उलट हात रेंगाळला तर एकाच जागी टोचण्या साचून कातडी फाटते. सारांश, यंत्राची गती हाताच्या गतीशी जुळवावयाची असते, शेजाऱ्याच्या यंत्रावरील व्होल्टच्या आकड्याशी नव्हे. दोन मोटरी एकाच दाबावर निरनिराळ्या धावतात. कमी दाबापासून आरंभ करून सुई अडखळत नाही इतपतच तो वाढवावा.

यंत्र हवेत छान चालते आणि कातडीला लागताच मंदावते, तेव्हा व्होल्ट वाढविण्याचा मोह होतो. त्याआधी कान द्यावा. खडखड येत असेल तर खुंटीवरील रबरी कडे झिजले असेल. घरघर येत असेल तर कोठेतरी घर्षण आहे. जास्त विजेने हे दोष झाकले जातात आणि त्यांची किंमत दुसऱ्याच्या हाताला द्यावी लागते. जुळणीची परीक्षा संत्र्याच्या किंवा केळ्याच्या सालीवर घ्यावी, गिऱ्हाइकावर नव्हे.

एक शेवटची गोष्ट उरली, आणि तिला जुळणीत न मोजणे मला तरी योग्य वाटत नाही. उघड्या सुईवरून रंग नळीत वर चढतो, तसे रक्तही चढते. मोटर वाफेच्या भांड्यात घालता येत नाही. म्हणून यंत्रावर व तारेवर प्रत्येक माणसागणिक नवे आवरण हवे. सुई एका माणसापुरतीच, आणि धातूची नळी पुन्हा वापरावयाची तर ती घासून, दाबाखालील वाफेत १२१ अंश सेल्सिअसवर किमान पंधरा मिनिटे ठेवून. यकृतशोथाचे ब व क हे प्रकार आणि एच. आय. व्ही. रक्तातूनही एकाकडून दुसऱ्याकडे जातात. कळंगुटच्या दुकानात बसा की जत्रेतल्या पालात, हात पुढे करण्यापूर्वी सुईचे पाकीट आपल्या देखत फोडावयास सांगावे. जो कारागीर त्यासाठी कां-कूं करील, त्याचे यंत्र कितीही सुरेल गुणगुणत असले तरी उठून यावे.