‘लिंक नाही’ म्हणजे नेमके काय?
इंटरनेटच्या कार्यपद्धतीची ओळख

सातबाराचा उतारा, पीक विम्याचा अर्ज, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन अशी नागरिकांची अनेक कामे आता इंटरनेटच्या साहाय्याने होऊ लागली आहेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात २०१८ पासून उपलब्ध झाल्यामुळे तलाठी कार्यालयातील हेलपाटे बऱ्याच अंशी वाचले. मात्र अर्जाच्या अखेरच्या दिवशी सेवा केंद्रावर रांगेत उभे असताना ‘लिंक नाही’ असे उत्तर मिळाले, तर शेतकऱ्याचा हंगामच धोक्यात येतो. ही लिंक म्हणजे काय, ती कोठे तुटते आणि तुटली असता काय करावे, हे समजण्यासाठी इंटरनेटच्या कार्यपद्धतीची मूलतत्त्वे माहीत असणे उपयुक्त ठरते.

जाळ्यांचे जाळे

इंटरनेट हे एखादे यंत्र नव्हे, किंवा कोणा एका संस्थेच्या मालकीची वस्तूही नव्हे. जगभरातील हजारो स्वतंत्र संगणक-जाळी एकमेकांना जोडून हे महाजाल तयार झाले आहे. या सर्व जाळ्यांनी संदेशवहनाचे समान नियम मान्य केले आहेत आणि तोच या व्यवस्थेचा पाया होय. अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या जाळ्यावरून २९ ऑक्टोबर १९६९ रोजी पहिला संदेश धाडण्यात आला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवावयाचा होता. पण पहिली दोन अक्षरे पोहोचताच यंत्रणा बंद पडली. पुढे व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी निरनिराळ्या जाळ्यांना जोडणारी नियमावली तयार केली आणि १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटने तिचा स्वीकार केला. भारतात १९८६ मध्ये ‘अर्नेट’ प्रकल्पाद्वारे शिक्षण व संशोधन संस्था जोडण्यास आरंभ झाला. सर्वसामान्यांसाठी ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुली केली.

संदेशाचे तुकडे

इंटरनेटवरून कोणताही मजकूर अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे केले जातात. त्यांना ‘पॅकेट’ म्हणतात. एका पॅकेटमध्ये साधारणतः दीड हजार बाइट एवढी माहिती मावते. उताऱ्याची फाइल तीन लाख बाइटची असेल, तर तिची सुमारे २०० पॅकेटे होतात. प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता व अनुक्रमांक असतो.

एखादे जाडजूड हस्तलिखित पानापानाने, क्रमांक घातलेल्या स्वतंत्र लिफाफ्यांतून टपालाने पाठवावे, तसाच हा प्रकार आहे. सर्व लिफाफे एकाच मार्गाने जातील असे नाही. ते मागेपुढेही पोहोचतील. घेणारा संगणक क्रमांकानुसार पाने जुळवितो. एखादे पान गहाळ झाल्यास पोच मिळत नाही व पाठविणारा संगणक तेवढेच पान पुन्हा पाठवितो. त्यामुळे रेंज कमकुवत असली, तरी पान सावकाश का होईना, पूर्ण उघडते.

वाटेतील चौक्या

ग्रामीण भागातील मोबाइलवरून निघालेले पॅकेट प्रथम जवळच्या मनोऱ्याकडे जाते. तेथून ते बहुधा जमिनीखालील प्रकाशतंतूंच्या केबलमधून पुढे निघते. काचेच्या या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. म्हणजे १,००० किलोमीटर अंतर सेकंदाच्या दोनशेव्या भागात तोडले जाते. वाटेतील प्रत्येक चौकीवर ‘राउटर’ नावाचे यंत्र पत्ता वाचते आणि पॅकेटला पुढील चौकीकडे धाडते. एक मार्ग बंद पडल्यास राउटर दुसरा मार्ग शोधतात.

परंतु दुसरा मार्ग अस्तित्वात असला, तरच तो सापडणार! मोठ्या शहरांना अनेक केबल जोडलेल्या असतात. दुर्गम तालुक्याला कित्येकदा एकच असते. रस्त्याच्या खोदकामात ती तुटली की सारा तालुका संपर्काबाहेर जातो. देशाच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. परदेशांशी होणारी देवाणघेवाण मुख्यतः मुंबई, चेन्नई यांसारख्या बंदरांत किनाऱ्याला लागणाऱ्या सागरी केबलद्वारे होते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ अशा केबल तुटल्या, तेव्हा भारतातील सेवा मंदावली; पूर्वेकडील मार्ग उपलब्ध असल्याने ती सर्वस्वी बंद मात्र पडली नाही.

नाव आणि पत्ता

संगणकांना एकमेकांचे पत्ते अंकांत लागतात. जुन्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होते. ते अपुरे पडू लागल्याने बरीच मोठी नवी पद्धत आली असून, सध्या दोन्ही प्रचारात आहेत. अंक लक्षात ठेवणे माणसाला कठीण; म्हणून संकेतस्थळांना नावे दिलेली असतात. नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आखली. २०१४ पासून ‘डॉट भारत’ या देवनागरी नावांचीही सोय झाली आहे.

हे नाव वाचण्याची रीत प्रत्येकाने शिकून घ्यावी. त्याचा अधिकार उजवीकडून डावीकडे पाहावयाचा असतो. शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ असेल, तर ते नाव शासकीय संस्थेसाठी राखीव आहे. ‘गव्ह’ हा शब्द नावात अन्यत्र कोठेतरी घालून शेवटी ‘डॉट कॉम’ लिहिलेले असल्यास ते शासकीय नाव नव्हे. नावाशेजारी दिसणारे कुलूप एवढेच सांगते की, वाटेत मजकूर कोणाला वाचता येणार नाही. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, अशी हमी ते देत नाही. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

दोष कोठे आहे?

आता ‘लिंक नाही’ या उत्तराचा अर्थ लावता येईल. कोणतेच संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष बहुधा जवळच, म्हणजे आपल्या यंत्रात, मनोऱ्यात किंवा स्थानिक केबलमध्ये असतो. अशा वेळी दुसऱ्या कंपनीची जोडणी असलेल्या केंद्रावर जाणे फायद्याचे ठरते. इतर संकेतस्थळे उघडतात आणि एकच उघडत नाही, तर अडचण बहुधा त्या सेवेच्या सर्व्हरवर असते. गाव बदलून उपयोग नाही. सर्व्हर म्हणजे मागणीनुसार माहिती पुरविणारा संगणक. त्याची क्षमता मर्यादित असते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी लाखो अर्ज एकाच वेळी आले की कार्यालयाच्या खिडकीप्रमाणे तेथेही रांग लागते.

यावरून दोन जबाबदाऱ्या स्पष्ट होतात. नागरिकांनी शक्यतो मुदतीच्या आधी अर्ज भरावा आणि पोचपावती जपून ठेवावी. यंत्रणेने शेवटच्या दिवसाची गर्दी गृहीत धरून सर्व्हरची क्षमता ठेवावी, तालुक्याला दुसरी केबल द्यावी आणि सेवा बंद राहिल्यास मुदतवाढीचा निर्णय वेळेवर जाहीर करावा. केबल तुटणे हा तांत्रिक प्रश्न आहे. त्यापायी पात्र माणसाचा हक्क बुडू न देणे हे प्रशासनाचे कर्तव्य होय.