मदतकार्यकर्त्यांचा मानसिक ताण

आपत्तिग्रस्तांच्या साहाय्यास जाणाऱ्या कार्यकर्त्यास भोवतालचे दुःख पाहावे लागतेच. परंतु उद्या धान्य येईल की नाही, आपली नेमणूक किती दिवसांची, ही अनिश्चितताही त्यास आतून पोखरीत असते. आणीबाणीच्या सेवांतील कर्मचाऱ्यांसाठी १९८३ साली जेफ्री मिचेल यांनी एक उपाय मांडला. घटनेनंतर थोड्याच दिवसांत सर्वांस एकत्र बसवून प्रत्येकाकडून अनुभव वदवून घ्यावयाचा. बोलल्याने भार हलका होतो, या समजुतीशी तो जुळणारा असल्याने झपाट्याने पसरला. पुढील चाचण्यांत मात्र अशा एका बैठकीने आघातोत्तर विकार टळतो असे आढळले नाही. भाजलेल्या रुग्णांच्या १९९७ मधील एका चाचणीत तर १३ महिन्यांनी हा विकार चर्चा घडविलेल्यांपैकी शेकडा २६ जणांत, इतरांपैकी शेकडा ९ जणांत दिसला. (हे रुग्ण होते, कार्यकर्ते नव्हेत, हे ध्यानी ठेवावे.) जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत आपद्ग्रस्तांस बोलण्याची सक्ती करू नये असे म्हटले असून, मदत करणाऱ्यांसाठी मर्यादित कामाचे तास, विश्रांती आणि सहकाऱ्यांची परस्पर विचारपूस सुचविली आहे. उपाय साधे खरे. पण पाळी बदलावयाची तर दुसरा माणूस हवा, आणि तो कार्यकर्त्याच्या मनोधैर्यातून नव्हे, संस्थेच्या अंदाजपत्रकातून येतो.